स्टार्ट मेनूतली अख्खी फरशी

कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण असतं. ते दाबलं की जे काही उघडतं त्याला स्टार्ट मेनू म्हणतात. माणसं वर्षानुवर्षं ते बटण दाबतात, हवं ते शोधतात आणि आपापल्या कामाला लागतात. मीही त्यांच्यातलाच एक होतो. या मेनूची मांडणी आपल्याला हवी तशी बदलता येते, हे मला कळलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. आता वाटतं, कळलं ते फार बरं झालं. पण मधले तेरा दिवस मला तसं अजिबात वाटत नव्हतं.

या भानगडीत मी का पडलो ते सांगतो, आणि सांगताना माझी मान थोडी खाली आहे.

माझे सासरे आमच्याकडे राहतात. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. मग हात थरथरायला लागला आणि काम सुटलं. आमची मुलगी नोकरीसाठी लांब असते, ती दर रविवारी सकाळी अकरा वाजता कॉम्प्युटरवर बोलते, चेहऱ्यासकट. मोबाइलवर नातीचं तोंड त्यांना शर्टाच्या बटणाएवढं दिसतं, म्हणून कॉम्प्युटर. सासऱ्यांची इच्छा एवढीच होती की नातीला एकदा तरी आपण स्वतः बोलवावं, शेजारी उभं राहून कुणी बटण दाबून न देता. म्हणून एका रविवारी ते पावणेअकरालाच खुर्चीत बसले आणि त्यांनी माउस हातात घेतला. पडद्यावरचा बाण सैरावैरा धावायला लागला. पाच मिनिटांत हवामान उघडलं, पत्त्यांचा डाव उघडला आणि कुठलीशी एक चौकट 'तुमची खात्री आहे का?' असं विचारू लागली. मी घाईत होतो. मी त्यांच्या हातातून माउस काढून घेतला आणि म्हणालो, "राहू द्या बाबा. तुमच्याच्यानं नाही व्हायचं."

ते उठले आणि आत गेले. पुढच्या रविवारी अकरा वाजता ते गॅलरीत कपडे वाळत घालत होते. या माणसाने आयुष्यात कधी स्वतःचा रुमाल वाळत घातलेला नव्हता. पडद्यावरून नात विचारत होती, "आजोबा कुठेत?" आणि आमची ही माझ्याकडे बघत होती. बायको ओरडली तर मला काही वाटत नाही, पण ती नुसती बघायला लागली की मला काहीतरी करावंच लागतं.

मी ठरवलं की सासऱ्यांसाठी स्टार्ट मेनूत एक भली मोठी चौकट करायची. त्यावर नातीशी बोलायचा प्रोग्रॅम. बाण कितीही थरथरला तरी चुकणार नाही एवढी मोठी. या चौकटींना टाइल्स म्हणतात आणि त्या लहानमोठ्या करता येतात. मी ऑफिसात वरिष्ठ लिपिक असल्यामुळे कुठलंही काम आराखड्याशिवाय करत नाही. मी चौकटीच्या कागदावर रीतसर आराखडा काढला. डावीकडे 'कार्यालयीन', मध्ये 'संकीर्ण', उजवीकडे वर 'कौटुंबिक'. कौटुंबिकमध्ये नातीची टाइल. प्रत्येक गटाला मी वेगळा रंगही दिला होता.

आमच्या वरच्या मजल्यावर विमावाले राहतात. माणूस अत्यंत परोपकारी, म्हणजे बोलावल्याशिवाय येतो. माझा आराखडा बघून ते म्हणाले, "असं एक एक सरकवत बसू नका हो. आधी सगळं उडवा. पाटी कोरी करा आणि मग नव्याने मांडा. मी आमच्याकडे तसंच केलं." त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, हे मला नंतर आठवलं.

मी एक एक टाइल उडवत गेलो. पत्ते गेले, बातम्या गेल्या, माझा ऑफिसचा हिशोबाचा तक्ता गेला, नातीशी बोलायचा प्रोग्रॅमही गेला. हवामानाची टाइल तेवढी हटेना. मग मी नवी टाइल लावायला गेलो, तर पडद्यावर सभ्य भाषेत एक ओळ आली. या सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केल्या जातात.

आता ही संस्था म्हणजे आमचं ऑफिस. तिथले जुने कॉम्प्युटर कर्मचाऱ्यांना वाटून टाकले, तेव्हा हा माझ्या वाट्याला आला. त्याला घरी येऊन दोन वर्षं झाली, पण त्याचं मन अजून ऑफिसातच होतं. माझ्या घरी, माझ्या टेबलावर बसून मला टाइल्स काढायची परवानगी होती आणि लावायची नव्हती. सव्वीस वर्षं नोकरी केल्यामुळे मला यात नवल वाटलं नाही, पण वाईट मात्र वाटलं. पुढच्या रविवारी हिने एका लांबलचक यादीतून प्रोग्रॅम शोधून काढेपर्यंत साडेअकरा वाजले. सासरे गॅलरीतच होते. कपडे संपले होते, म्हणून ते चिमटे पुसत होते.

सोमवारी मी आमच्या ऑफिसातल्या सिस्टिमवाल्याकडे गेलो. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "कुलूप आम्हीच लावलंय. काढायला दोन मिनिटं लागतात."

"मग काढा की."

"लेखी आणा."

मी अर्ज लिहिला. 'विषय : स्टार्ट मेनूमधील टाइल्सच्या मांडणीत बदल करण्यास परवानगी मिळणेबाबत.' असा विषय लिहिता यायला माणसाची अर्धी हयात खर्ची पडावी लागते. अर्ज मी आवक-जावकच्या खिडकीत दिला. तिथल्या बाईंनी विषय वाचला, चष्मा वर केला, परत खाली केला आणि 'मेनू' या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारून अर्ज कॅन्टीन समितीच्या खोक्यात टाकला.

"अहो बाई, हा खाण्याचा मेनू नाही!"

"मेनू लिहिलंय ना तुम्ही?"

"लिहिलंय, पण..."

"मग? मागे घ्यायचा असेल तर मागे घेण्याचा अर्ज करा. त्याचं खोकं वेगळंय."

अर्ज एकदा खिडकीतून आत गेला की तो आपला राहत नाही, तो ऑफिसचा होतो. तिसऱ्या दिवशी कॅन्टीन समितीच्या प्रमुखांनी मला बोलावलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, सुरुवातीला सूप द्यायची कल्पना आमचीसुद्धा होती. पण लोक सूपच तीन वाट्या पितात आणि जेवण उरतं. तुमचं म्हणणं काय आहे?"

माझं म्हणणं मी बारा मिनिटं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइलवर शेरा मारला. 'सुरुवातीच्या पदार्थांत बदल करण्यास समितीची हरकत नाही. तथापि टाइल्सचा विषय समितीच्या कक्षेत येत नाही. बांधकाम शाखेकडे.' शेऱ्याखाली त्यांनी सही केली आणि जाता जाता विचारलं, "टाइल्स का हो? नॅपकिन घसरतात का?"

बांधकाम शाखा जेवायला गेली होती. मी खाली पुढच्या दालनातल्या बाकावर बसून राहिलो. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून खाली बघत होतो. करड्या आणि पांढऱ्या फरशीचा मोठा चौक, मधोमध आठ टोकांची चांदणी. सव्वीस वर्षं मी त्या चांदणीवरून रोज चार वेळा चालत गेलोय. हा चौक सासऱ्यांनी बसवलेला आहे, हे लग्नात कुणीतरी मला सांगितलं होतं आणि मी 'हो का' म्हणून जेवायला बसलो होतो. आता पहिल्यांदाच नीट बघितलं. एक सांधा धरून मी नजर नेत गेलो, ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ गेली, कुठे अडली नाही. आडवा धरला, तोही तसाच. टोकाशी टोक असं भिडलेलं की मध्ये केस जायचा नाही. हजारो माणसं रोज त्यावरून जातात, खुर्च्या ओढतात, कपाटं सरकवतात. मी वाकून एका सांध्यावरून बोट फिरवलं तर बोटाला तो कळेना. हे त्या हाताने केलं होतं, ज्या हातातून मी माउस काढून घेतला होता. मला बाकावर बसवेना.

"काही हरवलं का?" शिपायाने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. खरं तर बरंच काही हरवलं होतं, पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता.

बांधकाम शाखेचे पर्यवेक्षक नियमाचे पक्के निघाले. "जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय आम्ही शेरा मारत नाही. शनिवारी येतो," असं म्हणून त्यांनी माझा काही एक खुलासा ऐकून घेतला नाही.

शनिवारी दुपारी ही आतून धावत आली. "अहो, तुमच्या ऑफिसातून कुणीतरी हातोडी घेऊन आलंय!"

हातोडी होती, टेप होता, पातळी बघायची लेव्हल होती. मागोमाग विमावालेही होते, कारण त्यांना जिन्यात हातोडी दिसली होती. पर्यवेक्षकांनी बूट काढले आणि विचारलं, "कुठल्या खोलीतल्या टाइल्स?"

मी कॉम्प्युटरकडे बोट केलं. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग फाइलकडे. "यासाठी मी दोन बस बदलून आलो?" ते म्हणाले. पण माणूस कामाचा होता. आलोच आहोत तर पाहणी करायचीच, म्हणून ते खाली बसले आणि आमच्याच फरशीवर हातोडीने टकटक करायला लागले. एक वाजवली, दुसरी वाजवली.

गॅलरीतून आवाज आला. "तिथे नाही. उजवीकडे तिसरी. ती पोकळ आहे."

पर्यवेक्षकांनी उजवीकडची तिसरी वाजवली. ती खरोखरच डब्यासारखी वाजली. ते उठून उभे राहिले. गॅलरीच्या दारात सासरे आले होते, हातात कपड्यांचे चिमटे.

"आपण?"

"फरशीवाला," सासरे म्हणाले. "होतो."

"बाबांनीच बसवलाय तुमच्या ऑफिसातला तो पुढचा चौक," ही म्हणाली. "चांदणीचा."

पर्यवेक्षकांनी हातोडी खाली ठेवली. "ती चांदणी तुमची? मी नोकरीला लागलो तेव्हापासून बघतोय. इमारतीतल्या सगळ्या खोल्यांच्या फरश्या आम्ही दोनदा बदलल्या. त्या चौकाला हात लावावा लागला नाही. एक सांधा उघडलेला नाही अजून." आमच्या ऑफिसातला माणूस कुणाचं कौतुक करताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सासरे चिमट्यांकडे बघत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "टाइल्सचा अर्ज कुणी केला?"

"मी," मी म्हणालो. "या पडद्यावरच्या. तुमच्यासाठी करत होतो बाबा. म्हणजे तुम्हाला तिला बोलवता यावं म्हणून. माझ्याकडून ते... त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

ते जवळ आले. मी स्टार्ट मेनू उघडला. भल्या मोठ्या रिकाम्या चौकोनात एकटी हवामानाची टाइल होती, आणि दर काही सेकंदांनी ती उलटून दुसरी बाजू दाखवत होती. सासरे तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही हलतेय," ते म्हणाले. "खाली भराव कमी पडलाय."

पर्यवेक्षकांनी गंभीरपणे मान डोलावली आणि फाइल उघडून लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली. अस्तित्वातील टाइल हलती आहे. बदल करणे आवश्यक.' सही केली, शिक्का मारला. शिक्का ते खिशात ठेवतात. मग माझ्या फोनवरून त्यांनीच सिस्टिमवाल्याला सांगितलं की परवानगी झाली. पलीकडून परवलीचा शब्द आला. तो होता 'कुलूप एक दोन तीन'. ज्या कुलपापायी मी सूपापर्यंत जाऊन आलो होतो, ते दोन मिनिटांतसुद्धा नाही, एका मिनिटात निघालं.

मी उत्साहाने माझा आराखडा पुढे केला. सासऱ्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. "रंग चांगले आहेत," ते म्हणाले. "पण या खोलीचं दार कुठे आहे?"

"दार?"

"माणूस आत कुठून येतो?"

मी विचार केला. माणूस आत येतो तो खालच्या डाव्या कोपऱ्यातून, बटणापासून. मी नातीची टाइल ठेवली होती उजवीकडे वर, म्हणजे दारातून शिरून अख्खी खोली ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यात. थरथरत्या हाताला एवढी चाल! आणि वाटेत कार्यालयीन, संकीर्ण, सगळी अडगळ. हे मला आराखडा काढताना दिसलं नव्हतं. विमावाल्यांना दिसलं नव्हतं. सासऱ्यांनी मात्र पहिल्याच नजरेत बघितलं होतं.

"अख्खी फरशी दारात लावायची," सासरे म्हणाले. "तुकडे कपाटाखाली. आणि एवढी मोठी खोली कशाला? राहणार कोण आहे?"

मेनूची कड धरून ओढली की तो लहान होतो. मी ओढायला लागलो. "अजून. अजून. बास," ते सांगत होते. बाजूची लांबलचक यादीही मी त्यांच्या सांगण्यावरून बंद केली. आता बटणाच्या डोक्यावर एक सुटसुटीत चौकोन उरला. हवामानाची हालचाल बंद केली, तेव्हा ती मुकाट्याने निघाली. नातीची टाइल आली आणि सगळ्यात मोठी झाली.

"माझा ऑफिसचा तक्ता?" मी विचारलं.

"तुकडा करा. मागच्या कोपऱ्यात." माझी सव्वीस वर्षांची नोकरी नखाएवढी होऊन मागच्या कोपऱ्यात गेली. माझी काहीच तक्रार नव्हती.

"आता तुम्ही लावून बघा बाबा," ही म्हणाली. ते खुर्चीत बसले. माउस धरला आणि बाण पुन्हा उडायला लागला, बटण सोडून पडद्याच्या मध्यावर गेला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस परत गॅलरीत जाणार आणि रविवारी चिमटे पुसत बसणार. विमावाले म्हणाले, "मी सांगितलं तसंच केलंत ना?" आणि हिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुढे बोललेच नाहीत.

सासऱ्यांनी माउस सोडला. खुर्चीच्या दांड्यांकडे बघितलं, टेबलाच्या उंचीकडे बघितलं. मग एकदम चिडून म्हणाले, "खुर्चीत बसून कुणी फरशी बसवतं का? खाली घ्या सगळं."

सगळं खाली आलं. कॉम्प्युटर खाली आणणं हे वाक्य लिहायला सोपं आहे. वायर पुरेना, म्हणून कपाट सरकवलं. कपाटामागे विमावाल्यांचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं पेन सापडलं. पडदा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर उभा केला, तो मागे कलला, तेव्हा पर्यवेक्षकांनी लेव्हल लावून खाली घडी घातलेला कागद सरकवला. तो माझा आराखडा होता. चटई अंथरली. सासरे चटईवर उकिडवे बसले, उजवं कोपर गुडघ्याला टेकवलं, मनगट जमिनीवर ठेवलं आणि माउसवर पंजा पसरला. थापी धरतात तसा.

हात थरथरत नव्हता.

मी डोळे चोळून बघितलं. बाण बटणापाशी गेला आणि थांबला. बटण दाबलं गेलं. बाण एका बोटाएवढा वर सरकला, मोठ्या टाइलच्या बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिला. इतका स्थिर की मला क्षणभर वाटलं कॉम्प्युटर बंद पडला. पर्यवेक्षक माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी नकळत हात जोडले होते. हातोडी त्यांच्या काखेत होती. मी सव्वीस वर्षांत अनेक साहेब बघितले, त्यांच्या सह्या बघितल्या, त्यांच्या सह्यांना घाबरलो. पण एका माणसाने आपला हात जागेवर आणताना बघून मी असा थक्क कधी झालो नव्हतो. सासऱ्यांनी पडद्यावर बोटाचं पेर वाजवून बघितलं, ते पोकळ वाजलं नाही, आणि त्यांचं समाधान झालं.

"आज शनिवार आहे," ते म्हणाले आणि त्यांनी माउस सोडला. "उद्या."

रविवारी ते साडेदहालाच चटईवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी मागे उभा होतो. हात मी मुद्दाम पाठीमागे बांधून ठेवले होते. अकरा वाजले. कोपर गुडघ्यावर गेलं. बटण, मग फरशी. घंटी वाजली, पडदा उजळला आणि नातीचं तोंड आलं, अख्ख्या पडद्याएवढं.

"आजोबा! तुम्ही? तुम्ही लावलात?" ती जवळजवळ ओरडलीच. "बाबा कुठेत?"

"आहेत मागे," सासरे म्हणाले. "ते घाईत असतात ना नेहमी. राहू दे म्हटलं. त्यांच्याच्यानं नाही व्हायचं."

पलीकडे नात हसली, स्वयंपाकघरात ही हसली. मीही हसलो. सासऱ्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी फक्त चटईवर थोडं सरकून शेजारी जागा केली आणि त्या जागेवर हात थोपटला.

"बसा जावईबापू," ते म्हणाले. "उभे राहिलात की तिला तुमचे गुडघेच दिसतात."

मी खाली बसलो.